हात न फिरलेल्या घराची साफसफाई

मामी गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मामांच्या डोंबिवलीच्या घरात कोणाचा हात फिरला नव्हता. आम्ही फोनवर विचारपूस करीत असू आणि मामा 'सगळे ठीक आहे' असे सांगत असत. प्रत्यक्ष गेलो तेव्हा दिवाणखान्यात रबर न काढलेल्या वर्तमानपत्रांचा गुडघाभर ढीग होता, पावसाळ्यात गळलेल्या भिंतीवर बुरशीचे काळे पट्टे चढले होते आणि संपूर्ण स्वयंपाकघरात एक कढई, एक ताट आणि एक पेला एवढ्याच वस्तू लखलखीत होत्या. मामा रोज तेवढ्याच घासत आणि तेवढ्यातच जेवत. घराची ही अवस्था बराच काळ शक्ती पुरली नाही म्हणून होते, त्यामुळे सफाईची आखणीही घाण किती आहे यापेक्षा शक्ती किती आहे हे पाहून करावी, असे मला त्या चार दिवसांच्या अनुभवावरून वाटते. पुढील माहिती स्वतःचे घर आवरणाऱ्यालाही उपयोगी पडेल आणि दुसऱ्याच्या घरी मदतीला जाणाऱ्यालाही.

सर्वात पहिला नियम असा की केर काढणे आणि वस्तूंची निवड करणे ही दोन कामे एकत्र करू नयेत. नासलेले अन्न, रिकाम्या पिशव्या, फुटक्या बाटल्या टाकताना विचार करावा लागत नाही. मामींची चष्म्याची डबी हातात आली की मात्र काम अर्धा तास थांबते, आणि अशा चार डब्या निघाल्या की दिवस संपतो. म्हणून एक मोठे खोके 'नंतर पाहू' म्हणून आणि दुसरे केवळ कागदांसाठी ठेवावे, आणि ज्याबद्दल क्षणभरही शंका येईल ती वस्तू न बघता त्यात टाकावी. कागदांच्या खोक्याबाबत तर कसलीही सवलत घेऊ नये. आमच्याकडे रद्दीवाला दारात उभा असताना एका वर्तमानपत्राच्या घडीतून विम्याच्या रकमेचा धनादेश निघाला. धनादेशाची मुदत तारखेपासून तीन महिन्यांची असते, ती केव्हाच उलटून गेली होती आणि नव्या धनादेशासाठी अर्ज करावा लागला. तेव्हापासून प्रत्येक अंक उलगडून, झटकून मगच रद्दीत गेला. घरात राहणारी व्यक्ती समोर असेल तर तिला विचारल्याशिवाय काहीही बाहेर काढू नये. 'हे ठेवू का?' असे शंभर वेळा विचारून तिला थकवण्यापेक्षा, कशाला हात लावायचा नाही हे सकाळीच एकदा विचारून घ्यावे. मामांनी फक्त मामींचे साड्यांचे कपाट दाखवले आणि बाकी सर्व आमच्यावर सोडले.

पहिल्या दिवशी घर स्वच्छ करण्याचा प्रयत्नच करू नये. खिडक्या उघडाव्यात, गॅसची रबरी नळी तडकलेली नाही ना आणि तिच्यावर छापलेली मुदत उरली आहे ना हे पाहावे, ओल आलेल्या भिंतीवर विजेचे बटण असेल तर मुख्य स्विच बंद ठेवून वायरमनला बोलवावे. त्यानंतर केवळ सडणारे आणि कुजणारे ते बाहेर काढावे. ओला कचरा, सुका कचरा आणि घरातील घातक कचरा असे तीन ढीग सुरुवातीपासून वेगळे ठेवले तर सोसायटीच्या सफाई कामगाराला त्रास होत नाही. मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया, जुने बल्ब आणि बॅटऱ्या या तिसऱ्या ढिगात येतात. मामींना मधुमेह होता, त्यामुळे इन्सुलिनच्या सुया पलंगाखालीसुद्धा सापडल्या. त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण चिकटपट्टीने बंद करून आणि वर ठळक अक्षरांत लिहून द्याव्यात. औषधे संडासात ओतू नयेत. त्या दिवशीचे उरलेले बळ संडास, मोरी आणि एका पलंगाची स्वच्छ चादर यांवर खर्च करावे, म्हणजे रात्री टेकायला एक जागा आणि सकाळी आंघोळीला एक जागा मिळते.

मोरी आणि संडासाबाबत दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. संडास धुण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो, जो बंद न्हाणीघरात माणसाला गुदमरवतो. एका दिवशी आम्ल वापरले तर भरपूर पाण्याने धुऊन ब्लीचचे काम दुसऱ्या दिवशी करावे. साचलेल्या लघवीवर थेट ब्लीच ओतले तरी विषारी वाफा निघतात. आधी नुसत्या पाण्याच्या चार बादल्या ओताव्यात. फिनेल, ब्लीच आणि आम्ल एकत्र केले की 'जास्त जोर येतो' ही समजूत इतकी सर्वदूर आहे की मदतीला येणाऱ्या बाईंनाही हे आधी सांगून ठेवावे. काचेच्या सफाई द्रवात अमोनिया असू शकतो, तोही ब्लीचपासून दूर ठेवावा. फरशीकडेही पाहावे: शहाबादी, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड असल्याने आम्ल त्यांना खाते, संगमरवराचे व मोझाइक लादीचेही तेच, आणि एकदा गेलेली झळाळी पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. नळांवरचे पांढरे थर काढायला लिंबूसत्त्व पुरेसे आहे. अर्धा लीटर कोमट पाण्यात दोन चमचे घालून फडके भिजवावे आणि नळाला तासभर गुंडाळून ठेवावे.

दुर्गंध सगळीकडून येत असेल तर तो बऱ्याचदा जमिनीतल्या जाळीतून येत असतो. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात पाणी उभे असते आणि ते गटारातील वायू व झुरळे अडवून धरते. न वापरलेल्या मोरीतले हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. आम्ही अगरबत्त्या लावून कंटाळलो होतो. दुसऱ्या न्हाणीघरातल्या जाळीत बादलीभर पाणी ओतल्यावर संध्याकाळपर्यंत वास निम्म्याने कमी झाला.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर केरसुणी लावू नये, कारण कोरडी धूळ उडून श्वासात जाते आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचाही संसर्ग होऊ शकतो. हातमोजे आणि मास्क घालून ब्लीचचे पाणी शिंपडावे, दहा मिनिटे थांबावे आणि कागदाने उचलून पिशवीत बांधावे. बाजारात मिळणाऱ्या चार-पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग हे प्रमाण पुरेसे असून हे पाणी रोज ताजे करावे, कारण उरलेल्या पाण्याचा गुण उतरतो. बुरशीच्या भिंतीलाही हेच पाणी चालते. मात्र कोरड्या ब्रशने खरवडल्यास बुरशीची बीजे घरभर पसरतात, म्हणून आधी ओले करून मगच घासावे. गळती वरच्या मजल्यावरून असेल आणि ती थांबली नसेल, तर एवढे करूनही पुढच्या पावसाळ्यात पट्टे परत येतील आणि रंगकामाचे पैसे फुकट जातील.

पाणी साचलेल्या भांड्यांना डेंग्यूच्या डासांचे घर समजावे. कुंड्यांच्या ताटल्या, बाल्कनीतल्या बादल्या आणि फ्रिजच्या मागचे पाणी जमा होणारे तसराळे, जे कोणीच बघत नाही, तपासावे. पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून कडा काथ्याने घासाव्यात.

स्वयंपाकघराला आम्हांला पूर्ण दीड दिवस लागला आणि त्यातला बराच वेळ वाट पाहण्यातच गेला. वर्षानुवर्षांचा तेलकट मेणचट थर नुसत्या जोराने निघत नाही. गरम पाण्याच्या एका बादलीत मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून त्यात भिजवलेले फडके मांडणीवर, टाइल्सवर, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर वीस मिनिटे चिकटवून ठेवले की सोडा तेलाचा साबण करतो आणि थर पोपडा सुटावा तसा सुटतो. हा सोडा हाताची कातडीही तशीच काढतो, त्यामुळे हातमोजे हवेतच, आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना तो लावू नये, ती काळवंडतात आणि झिजतात. पंखे पुसण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. पात्याला जुन्या उशीचा अभ्रा चढवून ओढला तर धूळ खाली न पडता आतच राहते. डब्यांमध्ये सोंडे आणि जाळी धरलेले पीठ होते. असे धान्य वाचवण्याचा मोह टाळावा, कारण किडा एका डब्यातून सगळ्या डब्यांत जातो. रिकामे डबे धुऊन दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवावेत. डब्यांच्या झाकणांवर मामींच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, 'ज्वारी, दळायची' अशा. त्या भिजवून काढायला घेतल्या तेव्हा मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. आम्ही डबे चिठ्ठ्यांसकट तसेच वाळवले. पाण्यात घालायच्या आधी त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावायला हवी होती हे नंतर सुचले, तोवर दोन अक्षरे फिसकटली होती.

देवघरातील वाळलेली फुले, काजळी आणि कुंकवाची पूड वेगळ्या पिशवीत काढून निर्माल्य कलशात द्यावी. पितळी समई चिंच आणि मिठाने घासली की काळपटपणा जातो. गाद्यांचा निर्णय वासावर करावा: कापसाची गादी उन्हात टाकून, पिंजून घेऊन पुन्हा वापरता येते, मात्र ओल किंवा लघवी आत मुरलेली गादी टाकूनच द्यावी. खोली कोठूनही सुरू करा, हात वरून खाली यावा. जळमटे, पंखा, माळा, कपाटांचे माथे, आणि फरशी सर्वात शेवटी, कोरडी झाडून मगच ओली पुसलेली. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम करू नये. सहाव्या तासाला माणूस चुकीच्या पिशवीत चुकीची वस्तू टाकतो.

घरातील व्यक्ती आठवडे न् आठवडे आंघोळ, जेवण, झोप सोडून बसत असेल तर साफसफाईबरोबर डॉक्टरांचीही गरज असते, आणि घर चकचकीत करून दिल्याने ती गरज भागत नाही. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. मामांना तो क्रमांक आम्ही न बोलता फ्रिजवर चिकटवून दिला. त्यांनी तो काढून टाकला नाही.

शेवटच्या दिवशी मोठी मोहीम संपते आणि छोटी सुरू होते. झुरळांसाठी जेलचे ठिपके मारून घ्यावेत आणि पंधरा-वीस दिवसांनी दुसरा फेरा ठरवावा, कारण पहिल्या वेळी अंड्यांतली पिल्ले बाहेर आलेली नसतात. वर्तमानपत्र बंद करावे किंवा रद्दीवाल्याचा महिन्याचा वार पक्का करावा. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मावशी ठरवताना त्यांना पहिल्याच दिवशी संपूर्ण घर दाखवावे आणि मोबदला त्यानुसार ठरवावा, म्हणजे त्या दुसऱ्या आठवड्यात सोडून जात नाहीत. मामांकडे येणाऱ्या मावशी आता सोमवारी आणि शुक्रवारी येतात, जाताना वापरात नसलेल्या मोरीत बादलीभर पाणी ओततात. 'नंतर पाहू'चे खोके तीन महिन्यांनी मामांनी स्वतः उघडले. साड्यांचे कपाट अजून तसेच आहे. दिवाळीच्या आधी त्यातल्या डांबराच्या गोळ्या तेवढ्या बदलल्या जातात.