बोअरच्या पाण्यात सायनोटाइपचा निळा फिका पडतोय?

सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हात निळं चित्र उतरवायची पद्धत. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घरी बोअरचं पाणी. गच्चीवर उन्हात छान उतरलेला निळा प्रिंट धुताना डोळ्यांदेखत फिका व्हायचा. दोष रसायनांचा नव्हता, पाण्याचा होता. या निळ्याला अल्कधर्मी (आम्लाच्या उलट, सोड्यासारखं) पाणी सोसत नाही.

१. ट्रेमध्ये एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवा. (बडोद्यात किराणावाल्याकडे ‘लींबुना फूल’ मागा, स्वस्तात मिळतं.)
२. पहिली धुलाई यातच, दोन-तीन मिनिटं, ट्रे हलवत.
३. मग साध्या पाण्यात, पांढऱ्या भागातला पिवळेपणा जाईपर्यंतच. उगाच तासभर भिजत ठेवू नका.

सुकल्यावर एक दिवस थांबा, निळा आणखी गडद होतो.

ट्रे साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने घासला असेल तर आधी नीट खळबळून घ्या. सोड्याचा अंश राहिला तरी निळा उडतो.