बर्बनचं शेल्फ भरताना या चुका टाळा

अमेरिकेत लिकर स्टोअर घेणारी आपली मंडळी बहुतेक स्कॉचवर वाढलेली. रेड लेबल, ब्लॅक लेबल, आणि कुणी बाहेरून आलंच तर ग्लेनलिव्हेट. बर्बनशी, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीशी, खरी ओळख होते ती दुकान ताब्यात आल्यावर, आणि तीही दोघांमार्फत. एक माल गळ्यात मारायला आलेला डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, दुसरं 'ब्लँटन्स आलं का?' असं एका दुर्मीळ बर्बनबद्दल दारातूनच विचारणारं गिऱ्हाईक. या दोघांच्या सांगण्यावरून शेल्फ भरलं की वर्षभरात दुकान दिसायला भारी होतं आणि गल्ला मात्र होता तिथेच राहतो.

पुढचं सगळं न्यू जर्सी, न्यू यॉर्कसारख्या राज्यांसाठी आहे, जिथे दुकानं खासगी आहेत आणि माल डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्यावा लागतो. पेनसिल्व्हेनिया किंवा व्हर्जिनियात बर्बन विकणारी दुकानं सरकारच चालवतं, तिथे हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही.

दुर्मीळ बाटलीमागे अख्खं दुकान पळवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आधी ही.

केंटकीतल्या फ्रँकफर्ट गावच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीतून ब्लँटन्स, वेलर, ई. एच. टेलर आणि पॅपी व्हॅन विंकल निघतात. मागणी अफाट, माल मोजका. म्हणून डिस्ट्रिब्युटर तो वाटून देतो. धंद्यात याला 'अ‍ॅलोकेटेड' म्हणतात. तुमच्या वाट्याला महिन्याला एखादी बाटली येईल, कधी तीही नाही. ब्लँटन्स १९८४ साली सिंगल बॅरल, म्हणजे एकाच पिंपातून भरलेलं, म्हणून बाजारात आलं. त्याच्या बुचावर घोडा आणि स्वार असतो, आणि प्रत्येक बुचावर त्या नावातलं एकेक अक्षर. आठ बुचं जमली की नाव पूर्ण होतं. लोक दारूइतकेच त्या बुचांसाठी वेडे असतात, आणि त्यांच्या नादाने दुकानदारही त्या घोड्यामागे धावायला लागतो.

मग सेल्समन म्हणतो, "ब्लँटन्सचं बघतो मी. आधी ही रमची दहा केस उचला." एक माल हवा असेल तर दुसरा घ्यावाच लागेल, अशी अट घालायला १९३५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पण अट अशी तोंडावर कुणी घालत नाही. "तुमचं अकाउंट जरा वाढू द्या" एवढंच बोललं जातं. अशा वेळी कागद घेऊन हिशोब मांडा. रमची केस, म्हणजे बाटल्यांचं खोकं, १२० डॉलरला धरली तर दहा केसचे १,२०० डॉलर गोदामात बसले. त्या बदल्यात आलेल्या ब्लँटन्सवर सुटणार तीस-चाळीस डॉलर. याला धंदा म्हणत नाहीत.

अकाउंट वाढवायचंच असेल तर जो माल तसाही जातो त्यावर वाढवा. बफेलो ट्रेसची मालक कंपनी सॅझरॅक, आणि फायरबॉलही त्यांचंच. फायरबॉलच्या पन्नास मिलिलिटरच्या मिनी गल्ल्याजवळच्या डब्यातून दिवसभर उचलल्या जातात. दोन्ही एकाच डिस्ट्रिब्युटरकडून येत असतील तर ती उलाढाल तुमच्याच नावावर जमा होते. हे सेल्समनला आठवण करून द्यायला लाजू नका.

बाटली आली की दुसरा मोह सुटतो. ऑनलाइन दुप्पट-तिप्पट भाव दिसतो, म्हणून तोच लावून बाटली काचेच्या कपाटात ठेवायची. कायद्याने बहुतेक ठिकाणी चालेल. पण दर शुक्रवारी शंभर डॉलरचा माल नेणारं गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचतं आणि मनात म्हणतं, हा बाकीच्या बाटल्यांवरही असंच कापत असणार. माझं मत विचाराल तर अशी बाटली वाजवी भावात, वही ठेवून, नेहमीच्या माणसाला हाक मारून द्यावी. त्याचा वर्षभराचा किराणा मग तुमच्याचकडून भरला जातो!

'नाही खपलं तर परत देऊ'

असं वाटत असेल तर आत्ताच विसरा. आपल्याकडच्या दुकानदारीत जांगड माल ठेवायची सवय असते. इथे दारूच्या धंद्यात केंद्रीय नियमांनी तोच व्यवहार बंद केलाय. फुटलेली, गळकी, चुकून आलेली बाटली परत जाते. 'उठाव नाही' किंवा 'जास्त मागवलं' या कारणाने परत करणं नियमात बसत नाही. सेल्समन तोंडी काहीही कबूल करो, केस आत आली की ती तुमची.

म्हणून नव्या ब्रँडची पहिली ऑर्डर शक्य तितकी लहान ठेवा. सहा बाटल्यांची केस चालेल, मिश्र केस मिळाली तर त्याहून बरं. पाच केसवर मिळणारी सूट मोहात पाडते, पण ती सूट रोजच्या मालावर घ्यायची असते, अनोळखी नावावर नाही.

लेबलं साठ, आतली दारू चार प्रकारची

नव्या दुकानदाराला वाटतं, जितकी लेबलं तितकी निवड. पण बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे कुठल्याशा टेक्सासच्या किंवा न्यू यॉर्कच्या नावाचा रुबाब आणि मागे 'डिस्टिल्ड इन इंडियाना'. इंडियानातल्या लॉरेन्सबर्ग गावी एमजीपी कंपनीची प्रचंड डिस्टिलरी आहे, ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी व्हिस्की गाळते. त्यात वाईट काही नाही, माल चांगलाच असतो. पण त्याच डिस्टिलरीची जवळजवळ सारखी व्हिस्की पाच वेगळ्या भावांत तुमच्या शेल्फवर उभी असेल तर चार जागा फुकट गेल्या.

निवड लेबलावर नको, चवीवर आणि जोरावर करा. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका असतो. फरक पडतो तो उरलेल्या धान्यात. मक्याबरोबर गहू आला की मऊ, गोडसर: मेकर्स मार्क, लार्सनी. राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) प्रमाण जास्त असेल तर तिखट, मसालेदार: ओल्ड ग्रँड-डॅड, बुलेट. मधलं, सगळ्यांना चालणारं: जिम बीम, इव्हान विल्यम्स, बफेलो ट्रेस. जोरकस हवं असेल तर वाइल्ड टर्की १०१, म्हणजे साडेपन्नास टक्के अल्कोहोल. त्यावर बॅरल प्रूफमध्ये, म्हणजे पिंपातल्या मूळ जोराला भरलेल्यांत, बुकर्स किंवा एलायजा क्रेगचं बॅरल प्रूफ. या प्रत्येक खणात स्वस्त, मधलं आणि भेट देण्याजोगं असं एकेक नाव असलं की साध्या वस्तीतल्या दुकानाला वीस-पंचवीस बर्बन पुरतात. साठ नाही.

एक खण लोक हमखास विसरतात, 'बॉटल्ड इन बाँड'चा. १८९७ च्या कायद्याची ती मोहोर: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलाची बाटली त्यातलीच. भाव कमी, दम जास्त. जाणकार गिऱ्हाईक ती शेल्फवर दिसली की दुकानदाराला कळतं एवढं मान्य करतं.

जॅक डॅनियल्स कुठे ठेवायचं यावर वाद घालत बसू नका. ते टेनेसी व्हिस्की म्हणवतं, पण लोक ते बर्बनशेजारीच शोधतात. तिथेच ठेवा.

स्कॉचच्या डोळ्याने वय बघणं

'बारा वर्षं आहे का? अठरा?' आपल्या लोकांचा हा पहिला प्रश्न. स्कॉच थंड हवेत, बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपात मुरतं. बर्बन दर वेळी आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्ये, केंटकीच्या कडक उन्हाळ्यात. लाकडाचा रंग आणि चव फार लवकर उतरते. सहा-आठ वर्षांत ते तयार असतं, आणि वीस वर्षांचं पुष्कळदा लाकूड चघळल्यासारखं लागतं. एकदा वापरलेलं ते पिंप मग पुन्हा बर्बनला चालत नाही, ते स्कॉटलंडला जातं. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन मुरते तीही बर्बनच्याच जुन्या पिंपांत. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की तो आवडीने ऐकतो आणि बाटलीही नेतो.

लेबलावर वयाचा आकडा नसला म्हणजे माल कच्चा, असंही नाही. 'स्ट्रेट' बर्बन म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेलं, आणि ते चार वर्षांपेक्षा कमी मुरलेलं असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय आणि आकडा नाही, तर किमान चार वर्षं धरून चाला. एलायजा क्रेग स्मॉल बॅचने २०१६ मध्ये बाराचा आकडा काढला, तरी आजही ते मधल्या खणातलं भरवशाचं नाव आहे.

खालचा कप्पा आणि बाटल्यांचे आकार

दोन बाटल्या घ्या. पहिली तुम्हाला १४ डॉलरला पडते, १८ ला जाते, महिन्याला २४ जातात: ९६ डॉलर सुटले आणि अडकले ते बारा बाटल्यांच्या एका केसचे १६८. दुसरी ९० ला पडते, १३० ला जाते, पण चार महिन्यांतून एक: महिन्याचे १० डॉलर, आणि सहाच्या केसमध्ये ५४० अडकलेले. ती केस संपायला दोन वर्षं लागणार. तरी दुकानदार पुसून पुसून दुसरीलाच डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो.

आकारांचंही तसंच. रेल्वे स्टेशनजवळ २०० आणि ३७५ मिलिलिटर जातं, बंगल्यांच्या वस्तीत शनिवारी १.७५ लिटरची हँडल. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी आपल्याकडच्या गेट-टुगेदरला माणसं वीस असली की हँडलच लागते, आणि ती मेकर्स मार्कची असली तर स्कॉचवाल्या काकांनाही चालते. नेहमीच्या बर्बनचा एकच आकार ठेवणं म्हणजे उरलेली विक्री समोरच्या दुकानाला बहाल करणं.

आपला बॅरल घेण्याची घाई

अख्खं पिंप विकत घेऊन दुकानाच्या नावाची चिठ्ठी लावलेला सिंगल बॅरल दिमाखदार दिसतो, पण गणित आधी. ५३ गॅलनच्या पिंपातून वर्षानुवर्षांची बाष्पीभवनाची घट वजा जाता साधारण दीडशे ते दोनशे बाटल्या मिळतात. बाटली ४५ डॉलरला धरली तर १८० बाटल्यांचे ८,१०० डॉलर एका दमात. त्याच ब्रँडचं साधं सिंगल बॅरल तुमच्याकडे महिन्याला केसभरही जात नसेल, तर हे कुणाला विकणार? आधी पन्नासएक नेहमीच्या बर्बनवाल्यांची यादी तयार होऊ द्या.

बाटली हलत नाही, तेव्हा

आधी जागा बदला. खालच्या कप्प्यातली डोळ्यांसमोर आणा आणि हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी लावा: गहू की राई, किती जोर, कशासारखं लागतं. छापील जाहिरातीपेक्षा ती जास्त वाचली जाते. महिना-दीड महिन्यात फरक नाही पडला तर राज्याचा कायदा परवानगी देत असेल तिथे शनिवारी टेस्टिंग लावा, आणि ओतायला माणूस डिस्ट्रिब्युटरकडूनच मागा. तरीही नाही, तर भाव उतरवा. खरेदीपेक्षा खाली विकायला काही राज्यांत मनाई आहे, तेवढं तपासून. मोकळे झालेले पैसे चालत्या मालात घाला.

खिडकीत ऊन येत असेल तर तिथे भरलेल्या बाटल्या मांडू नका. लेबल फिकं पडतं आणि दारूही बिघडते. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवू नका, ही वाइन नव्हे. आणि 'राहू दे, जुनी झाली की भाव चढेल' हे तर डोक्यातूनच काढा. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही.

सध्या घासाघीस करायला वेळही बरी आहे. दशकभराच्या तेजीत केंटकीच्या गोदामांत एक कोटीहून जास्त पिंपं साठली आणि मागणी मंदावली. जानेवारी २०२५ मध्ये जॅक डॅनियल्सवाल्या ब्राउन-फोरमन कंपनीने लुईव्हिलचा पिंपं बनवायचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या मधल्या भावाच्या बाटल्यांसाठी दोन-तीन वर्षांपूर्वी सेल्समन भाव खात होता, त्यांच्यावर आता सूट मागता येते. पुढच्या भेटीत शेल्फवरच्या सगळ्या बर्बनची गेल्या सहा महिन्यांची विक्री छापून समोर ठेवा, खप नसलेल्या नावांवर रेघ मारा, आणि मग तो काय काय आणतो ते बघा.