ओझर ते अगत्ती ‘पावणेदोन तास’? विमानाचा वेळ काढताना या चुका टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की घरातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी अंतर मोजणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट टाकतंच, ओझर (म्हणजे नाशिकचं एअरपोर्ट) ते अगत्ती (लक्षद्वीपचं एअरपोर्ट) साधारण १०५० किमी, वेळ पावणेदोन तास, मग काय सकाळी निघू आणि दुपारी लक्षद्वीपच्या बीचवर. अहो थांबा जरा!

पहिली चूक हीच. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर असतं, मधे फ्लाइट आहे की नाही हे त्या कॅल्क्युलेटरला माहीतच नसतं. ओझरहून अगत्तीला डायरेक्ट विमान नाही, म्हणजे आधी बंगळुरू वगैरे, मग कोची, मग अगत्ती. प्रत्येक टप्पा वेगळा मोजा, मधली थांबायची वेळ धरा, आणि कोचीत एक मुक्काम पकडूनच चाला. लक्षद्वीपचं परमिट आधी काढायचं असतं तेही विसरू नका.

दुसरी गोष्ट विमान कुठलं आहे याची, आणि इथेच सगळे फसतात. कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा ताशी ८०० किमीच्या आसपासचा जेटचा वेग धरतो. पण अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची, तिथे जातं एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. कोची-अगत्ती अंतर साधारण ४७० किमी, जेटच्या हिशोबाने पस्तीस मिनिटं आणि प्रत्यक्षात तासाच्या वर, कारण धावपट्टीपर्यंत विमान जमिनीवरून नेणं, वर चढणं, खाली उतरणं हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. लहान एअरपोर्टचा वेळ काढताना आधी विमानाचा प्रकार बघायचा, मगच भागाकार करायचा.

आकडा भलताच कमी वाटला तर युनिट बघा. बऱ्याच साइट नॉटिकल माईल दाखवतात, १ नॉटिकल माईल म्हणजे १.८५२ किमी. आणि शहराचं नाव टाकण्यापेक्षा एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड टाका, ओझरचा आयएसके (ISK), अगत्तीचा एजीएक्स (AGX). नाशिकला गांधीनगरलाही धावपट्टी आहे पण ती आर्मीची, प्रवासी विमान ओझरहूनच. गोव्याला तर दाबोळी आणि मोपा अशी दोन एअरपोर्ट, चुकीचं निवडलं तर टॅक्सीवाल्याचं भलं.

लेहला जाणाऱ्यांनी दिल्लीचा टप्पा नीट बघा. लेहची विमानं बहुतेक सकाळची, दुपारनंतर तिथे वारा सुटतो, आणि एअरपोर्ट ३२०० मीटरहून जास्त उंचीवर. त्यात डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं. दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेलेच समजा, त्यामुळे जमलं तर एकाच बुकिंगवर घ्या, आणि टर्मिनल बदलतंय का तेही तपासा.

जायला आणि यायला वेळ वेगळा दाखवला म्हणून साइटला शिव्या देऊ नका. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात, म्हणून कोलकात्याहून मुंबईला यायला जास्त वेळ लागतो. परदेशी जाताना तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, नेपाळचं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, नुसती वजाबाकी केलीत तर हिशोब चुकणार.

आणि ओझर नाशिकच्या मध्यावर नाही हो. शहरातून वीसेक किलोमीटर, त्यात नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल, पुढे ‘दहावा मैल’ नावाच्या ठिकाणी ट्रकची रांग लागलेली असली की गेलंच. नाशिकरोडहून निघणाऱ्यांनी विमानाच्या आधी तीन तास घर सोडावं.