मेटलच्या मिक्समध्ये ड्रमचे रूम माईक कसे बसवावेत

ड्रमचे एडिटिंग पूर्ण झाले आहे, क्लोज माईक (प्रत्येक ड्रमजवळचे) आणि ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले) यांचा तोल साधला आहे आणि रूम माईकचे (ड्रमपासून दूर, खोलीचा आवाज टिपणारे) ट्रॅक वेगळ्या बसवर (एकत्रित चॅनेलवर) आणून ठेवले आहेत, असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे. हेवी रॉक आणि मेटलमध्ये रूम माईककडून एकच काम करून घ्यायचे असते: स्नेअर आणि टॉम यांच्यामागे मोठी खोली उभी करणे. ठोक्याची धार क्लोज माईक देतात आणि सिम्बल ओव्हरहेडमध्ये पुरेशा स्पष्ट असतात. रूम माईकमधूनही पुन्हा सिम्बलच ऐकू येत असतील, तर ते ट्रॅक गिटारची जागा खात असतात. ‘रूम माईक कॉम्प्रेसरखाली चिरडून टाका, ड्रम आपोआप मोठे वाटतील’ हा सल्ला सर्रास दिला जातो (कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबणारे साधन). तो अर्धवट आहे, आणि ज्या संगीतात ड्रमर कडवीच्या कडवी क्रॅश आणि चायना या सिम्बल वाजवत राहतो, तिथे तो सरळसरळ घातक आहे.

सुरुवात पोलॅरिटीपासून (ट्रॅकची ध्वनिलहर सुलटी की उलटी) करावी. स्नेअरचा क्लोज माईक आणि रूम ट्रॅक एकत्र वाजवून ज्या स्थितीत स्नेअरचा खालचा भाग भरीव वाटतो, ती ठेवावी. स्टिरिओ जोडी असेल तर दोन्ही बाजूंची पोलॅरिटी एकदमच बदलावी.

रूम ट्रॅक पुढे सरकवून क्लोज माईकशी तंतोतंत जुळवावेत का, याबाबत माझे मत ठाम आहे: जुळवू नयेत. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास २.९ मिलिसेकंद लागतात. ड्रमपासून ३ मीटरवर ठेवलेला माईक सुमारे ९ मिलिसेकंद मागे असतो, ५ मीटरवरचा सुमारे १५. हाच उशीर कानाला खोलीचा आकार सांगतो. तो पुसून टाकला की खोली लहान होते आणि हाती उरते ते एक जास्तीचे, गढूळ ओव्हरहेड. या उशिराचा आणखी एक उपयोग पुढे गेटच्या (ठोक्यांच्या मधला आवाज उतरवणाऱ्या साधनाच्या) वेळी होणार आहे.

यानंतर फिल्टर. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापावे, ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये खोक्यासारखा आवाज येत असेल तर तो ३-४ डेसिबलने उतरवावा आणि ७ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचे निःसंकोच कापून टाकावे. एकट्याने ऐकताना ट्रॅक निस्तेज वाटेल; त्याकडे लक्ष देऊ नये, कारण तो एकट्याने कुणीही ऐकणार नाही. सिम्बलचा खरा त्रास मात्र ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि स्नेअरची बरीचशी ओळखही तिथेच असते, म्हणून हा भाग कायमचा कापू नये. तिथे डायनॅमिक इक्वलायझर लावावा, जो सिम्बल उसळली की तेवढ्यापुरताच दाबेल. हे सगळे कॉम्प्रेसरच्या आधी झाले पाहिजे. सॅच्युरेशन (मुद्दाम चढवलेली खरखर) लावायचे असेल तर तेही फिल्टरनंतरच लावावे, कारण सिम्बलवर चढलेली खरखर नंतर कशानेही निघत नाही.

कॉम्प्रेसर आणि गेट: इथे घाई करू नये

या टप्प्यावर माझी कित्येक मिक्स बिघडली आहेत, म्हणून तो सविस्तर सांगतो.

जोरात लावलेला कॉम्प्रेसर ठोका दाबतो आणि ठोक्यामागची शेपटी वर आणतो. आपल्याला शेपटीच हवी असते, इथपर्यंत ठीक आहे. पण रूम माईकमध्ये दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत खोलीची शेपटी एकटी नसते. तिच्याबरोबर अखंड घुमणाऱ्या सिम्बलही असतात. स्नेअरचा ठोका पडला की कॉम्प्रेसर १५ डेसिबल खाली जातो, मग रिलीज होताना (दाब सोडताना) तेवढाच वर येतो आणि त्याच्यासोबत सिम्बलची एक लाट येते. रिलीज जितका वेगवान, तितकी ती लाट उग्र. कोरस सुरू होताच गिटार पातळ का वाटतात, हे मी अनेक रात्री गिटारच्या ट्रॅकमध्ये शोधत बसलो होतो आणि कारण मात्र रूम माईकमध्ये होते.

यावर उपाय म्हणून मी गेट लावला, आणि तो चुकीच्या जागी लावला. गेट कॉम्प्रेसरच्या आधी ठेवणे स्वाभाविक वाटते: आधी सिम्बल कमी करू, मग उरलेले दाबू. पण हिशेब करून पाहावा. गेटने ठोक्यांच्या मधला भाग १२ डेसिबलने उतरवला. पुढचा कॉम्प्रेसर ठोक्यावर १५ डेसिबल दाबतो आणि आपण मेकअप गेनने पातळी परत वर आणतो. म्हणजे गेटने जे कमावले ते कॉम्प्रेसरने पुढच्याच क्षणी परत केले. गेट हलताना डोळ्यांना दिसत होता आणि कानांना काहीच फरक जाणवत नव्हता. गेट कॉम्प्रेसरच्या नंतरच हवा. आधी निर्धास्तपणे दाबावे, मग त्या दाबलेल्या आवाजाला गेटने आकार द्यावा.

हा क्रम नवा नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम आणि ड्रमर-गायक फिल कॉलिन्स यांना जो गेट केलेला ड्रमचा आवाज सापडला, त्यातही वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी टांगलेल्या माईकचा अतिशय कडक कॉम्प्रेसर आधी होता आणि नॉइज गेट त्यानंतर. मेटलमध्ये आपल्याला तितका अचानक तुटणारा आवाज नको असतो, पण क्रमामागचे कारण तेच आहे.

कॉम्प्रेसरच्या नंतर आलेल्या गेटला रूमच्याच आवाजावर चालवता येत नाही, कारण ठोका आणि सिम्बल यांची पातळी आता जवळपास सारखी झालेली असते. म्हणून त्याला साइडचेनमधून बाहेरची किल्ली द्यावी लागते, म्हणजे गेट कधी उघडायचा हे दुसरा ट्रॅक ठरवतो. ही किल्ली म्हणून स्नेअरचा कच्चा क्लोज माईक वापरू नये. त्यात हाय-हॅट घुसलेली असते आणि गेट तिच्यावर थरथरतो. स्नेअर आणि टॉमच्या प्रत्येक ठोक्यासाठी एक आखूड, स्वच्छ क्लिक असलेला वेगळा ट्रॅक तयार करावा आणि तो मुख्य मिक्समध्ये जाऊ न देता फक्त साइडचेनला पाठवावा. सॅम्पलसाठी ट्रिगर (ठोक्यांच्या वेळा दाखवणारे संकेत) काढलेले असतील तर तेच चालतात. हलके घोस्ट ठोके या ट्रॅकमधून काढून टाकावेत, नाहीतर प्रत्येक बारीक ठोक्यावर सिम्बलसकट संपूर्ण खोली उघडेल.

मघाशी राखून ठेवलेला उशीर आता कामी येतो. क्लिक क्लोज माईकच्या वेळेवर आहे आणि खोलीचा आवाज ९ ते १५ मिलिसेकंद मागून येतो, म्हणजे आवाज पोहोचण्याआधीच गेट उघडलेला असतो. अटॅक (गेट उघडायला लागणारा वेळ) २-३ मिलिसेकंद ठेवूनही ठोक्याचे तोंड कापले जात नाही आणि गेट उघडण्याची टिचकीही ऐकू येत नाही. ज्यांनी ट्रॅक जुळवून घेतले आहेत, त्यांना हे सुख नाही. त्यांना लुकअहेड (गेटला ठोका थोडा आधी दाखवणारी सोय) वापरावा लागेल.

कॉम्प्रेसरसाठी गुणोत्तर १०:१ किंवा त्याहून अधिक आणि अटॅक शक्य तितका वेगवान ठेवावा; स्टिरिओ जोडीचे दोन्ही चॅनेल लिंक केलेले असावेत, नाहीतर एका बाजूच्या टॉमवर सगळे चित्र कलंडते. गेटची रेंज (तो आवाज किती उतरवतो) १० ते १२ डेसिबलपासून सुरू करावी. गेट पूर्ण बंद होऊ देऊ नये, कारण खोली उघडझाप करू लागली की ड्रम खोटे वाटू लागतात.

गेटचे होल्ड (उघडे राहण्याचा वेळ) आणि रिलीज (बंद होण्याचा वेळ) गाण्याच्या वेगावर ठरतात, कुणाच्या प्रीसेटवर नाही. १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० बीट) हाफ-टाइम भागात, म्हणजे चार बीटला स्नेअरचा एक ठोका असताना, स्नेअरचे दोन ठोके १.७ सेकंदांच्या अंतरावर असतात, त्यामुळे होल्ड आणि रिलीज मिळून ४०० मिलिसेकंद सहज खपतात आणि ब्रेकडाउन (संथ, जड भाग) भव्य वाटतो. २०० बीपीएमच्या ब्लास्ट बीटमध्ये एका बीटला स्नेअरचे दोन ठोके धरले, तर अंतर फक्त १५० मिलिसेकंद उरते. त्याच मांडणीत गेट कधी बंदच होणार नाही. अशा भागात मी क्लिक ट्रॅक म्यूट करतो, गेटला त्याच्या खालच्या पातळीवर राहू देतो आणि हवे तर फेडर आणखी ३ डेसिबल उतरवतो. वेगवान भागात खोली ऐकवण्याचा हट्ट धरला की ठोके एकमेकांत मिसळतात.

किकला गेटच्या किल्लीत कधीही घेऊ नये. २०० बीपीएमवर डबल बासचे ठोके ७५ मिलिसेकंदांवर पडतात आणि खोलीतल्या किकची गुरगुर बास गिटारला गिळते, म्हणून त्या भागात खालचे फिल्टर ऑटोमेशनने १५० हर्ट्झपर्यंत चढवावे.

क्रॅश आणि स्नेअर एकाच क्षणी पडले तर क्रॅशही आत येणारच. तिथे आधी लावलेला डायनॅमिक इक्वलायझर भार उचलतो, आणि तरीही एखादा ठोका बोचला तर तेवढ्यापुरते ऑटोमेशन हाताने करावे.

पातळी ठरवताना गिटार, बास आणि गायन चालू असलेच पाहिजे. रूमचा फेडर अगदी तळापासून वर आणावा, खोली वेगळी जाणवू लागली की थांबावे आणि २ डेसिबल खाली यावे. मग सर्वांत दाट कोरसमध्ये रूमचा बस म्यूट करून पाहावा. स्नेअर लहान झाली आणि सिम्बल होत्या तशाच राहिल्या, तर काम झाले आहे. म्यूट करताच सिम्बल कमी झाल्या आणि गिटार अचानक मोकळ्या झाल्या, तर गेटची रेंज आणखी ४ डेसिबल वाढवून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.