इलेक्ट्रिक कारचा लांबचा प्रवास शूट करताना

काचेवर कॅमेरा लावण्याआधी काच अल्कोहोलने पुसा. तेलकट काचेवर सक्शन कप सुटू शकतो. लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) हवाच, नाहीतर डॅशबोर्डचं प्रतिबिंब प्रत्येक शॉटमध्ये येतं. ॲक्शन कॅमेरा उन्हात तापून बंद पडतो. मॉडेलला चालत असेल तर बॅटरी काढून थेट यूएसबीवर चालवा, उष्णता कमी होते.

इंजिनचा आवाज नसतो, म्हणून टायर आणि वाऱ्याचा आवाज जास्त जाणवतो. कॉलर माइक लावा, एसीचा पंखा कमी ठेवा.

चार्जिंग म्हणजे या व्हिडिओचा जीव. प्लग लावताना आणि काढताना स्क्रीनवरची टक्केवारी, किलोवॉट आणि वेळ जवळून टिपा. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर शटर स्पीड थोडा बदलून पाहा. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग बराच घटतो, तो उतारही दाखवा. प्रेक्षकाला खरी माहिती तिथेच मिळते. टाइमलॅप्ससाठी दर ५ सेकंदांना एक फ्रेम: ३० मिनिटांच्या ३६० फ्रेम, २५ एफपीएसवर (सेकंदाला २५ फ्रेम) साधारण १४ सेकंद.

व्हिडिओ ६० एमबीपीएसला (सेकंदाला ६० मेगाबिट) रेकॉर्ड केला तर कार्डवर ताशी सुमारे २७ जीबी लागतात. कॅमेऱ्याची बटणं गाडी थांबवूनच दाबा.