'व्हॉक्स बालेने' बसवताय? मग या चुका टाळा

फ्लूट, चेलो आणि पियानो असे तिघं जमले की आज ना उद्या अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बचं 'व्हॉक्स बालेने' काढायची टूम निघतेच. १९७१ ची रचना, हम्पबॅक व्हेलच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकून सुचलेली, साधारण वीस मिनिटांची. नुसते नोट्स बसवायला वेळ लागत नाही, घोळ होतो तो बाकीच्या भानगडीत.

पहिली भानगड माइकची. तिन्ही वाद्यांना अ‍ॅम्प्लिफिकेशन आहे म्हटल्यावर लोक आवाज सरळ चढवतात आणि मग फीडबॅकची शिट्टी वाजते. अरे, दणका द्यायला नाहीये ते, तारेवरची खरखर आणि फ्लूटमधली फुंकर मागच्या रांगेपर्यंत पोचावी एवढ्यासाठी आहे, म्हणून माइक वाद्याजवळ आणा, व्हॉल्यूम बेताचा ठेवा, स्पीकर माइकच्या पुढे लावा.

चेलोवाल्यांचं 'सीगल', म्हणजे समुद्रपक्ष्याच्या ओरडण्यासारखा आवाज, हमखास चुकतं. हार्मॉनिक (तारेला बोट हलकं टेकवून काढलेला बारीक सूर) घेत वर जाताना दोन बोटांतलं अंतर कमी करायची सवय हाताला इतकी पक्की असते की इथेही तो तेच करतो, आणि मग साधा ग्लिसँडो (सलग घसरत जाणारा सूर) ऐकू येतो, पक्षी काही ओरडत नाही. बोटांचा साचा जसाच्या तसा ठेवून हात सरकवायचा, मग सूर आपोआप तुटतो आणि पुन्हा उचलतो. शिवाय या पीसला ट्यूनिंग वेगळं आहे, ते प्रोग्रॅमच्या दिवशी बदललं तर तारा उतरत राहणारच, दोन-तीन दिवस आधी करून ठेवा.

सुरुवातीला फ्लूटिस्टला वाजवता वाजवता गायचंय. तिथे टोन मेला तर समजा गळा आवळलाय, आधी एकच सूर लांब धरून त्यावर हलकं गुणगुणायचा सराव करा. रचनेचा शेवटचा फिगर (छोटी सुरावट) तर न वाजवता नुसत्या अभिनयातच करायचाय, तो उगाच ऐकू येईल असा वाजवू नका.

आणि पियानो! इथे आतल्या तारांवरही वाजवायचंय, म्हणून कुठली तार कुठे याच्या खुणा लागतात. घरच्या पियानोवर खुणा करून निघालात आणि हॉलच्या पियानोत नेमकी तिथेच लोखंडी पट्टी आडवी आली, की संपलंच. प्रत्येक मॉडेलची आतली रचना वेगळी, त्यामुळे हॉलमध्ये आधी जाऊन बघाच. खुणा तारांवर नको, डॅम्परवर (तारेचा आवाज थांबवणाऱ्या गादीवर) छोटे स्टिकर लावा. घामाच्या हाताने तार गंजते, हात पुसून घ्या. आणि छिन्नी, काचेची कांडी हे सगळं पियानोत घालणार आहात हे हॉलवाल्यांना आधीच सांगून परवानगी घ्या, ऐनवेळी छिन्नी बघून कुणीही नाहीच म्हणेल.

या रचनेत वादकांनी काळे मास्क घालून निळ्या लाइटमध्ये वाजवायचं असतं, पण त्याची रिहर्सल मात्र कुणी करत नाही. मास्कमुळे बाजूचं दिसत नाही, एकमेकांचे क्यू (इशारे) हुकतात, निळ्या उजेडात नोटेशन वाचता येत नाही. स्टँडला छोटे दिवे लावा आणि निदान एक रन-थ्रू मास्क घालूनच करा.