गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांवर पॉडकास्ट एपिसोड कसा करायचा (आणि त्यांना भाषण कसं ठोकू द्यायचं नाही)

पॉडकास्ट कसा करायचा म्हणून शोधलं की सगळे सल्ले माइकवरच येऊन थांबतात. कुठला घ्यायचा, किती हजारांचा, पॉप फिल्टर हवा की नको. अहो, एक साधा रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचे दोन छोटे माइक, बास झालं. मी लालबाग, परळ, वरळी, नायगाव या पट्ट्यातल्या जुन्या गिरणी कामगारांवर एपिसोड करते, कोणी कोकणातून आलेले, कोणी साताऱ्या-कोल्हापूरकडून, आणि तिथे एपिसोड पडतो तो माइकमुळे नाही, समोरचे आजोबा माइक बघून सभेत उभं राहिल्यासारखं बोलायला लागतात म्हणून पडतो.

माणूस शोधायला गावांची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं गाठा. पुढाऱ्यांकडे जाऊ नका, त्यांची मुलाखत पाठ झालेली असते.

जागेचं म्हणाल तर चाळीतली खोली बेस्ट. बीडीडी चाळीतली १६० स्क्वेअर फुटांची खोली, त्यात गाद्यांची चवड, दोरीवर कपडे, कपाटावर चादरी, हे सगळं आवाज मस्त शोषून घेतं. उलट तेच आजोबा टॉवरमधल्या नव्या फ्लॅटमध्ये गेले असतील तर टाइल्स आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज नुसता घुमतो, मग तिथे बेडरूममध्ये पलंगावर बसवा. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढा, आणि आपल्या घराची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे निघताना प्लग परत लावायचं विसरणार नाही. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल अशी ठेवा. लेव्हल जरा खालीच ठेवा, कारण साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या कापड विणायच्या खात्यात, आयुष्य काढलेल्या माणसांचे कान लूमच्या (मागांच्या) आवाजाने बऱ्याचदा अधू झालेले असतात आणि ती माणसं मोठ्याने बोलतात. कुठल्या कानाने बरं ऐकू येतं ते आधी विचारून त्याच बाजूला बसा, नाहीतर तुम्ही ओरडणार, ते ओरडणार आणि रेकॉर्डिंगची वाट लागणार.

आता खरी गोम.

लाल दिवा लागला की माणूस बदलतो. पाच मिनिटांपूर्वी सुनेला मालवणीत हाक मारणारे आजोबा एकदम 'त्या काळात परिस्थिती अत्यंत हलाखीची होती' असं बोलायला लागतात, पाठ ताठ, हात मांडीवर. खोटं नसतं ते, पण ऐकणाऱ्याला काही मिळत नाही. आणि नेटवरचा सल्ला काय, तर 'पाहुण्याला रिलॅक्स करा'. कसं करा ते कोणी सांगत नाही.

तर पहिली गोष्ट, 'सुरू करूया का' हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. रेकॉर्डिंग करणार आहे हे आधी स्वच्छ सांगा, परवानगी घ्या, ती परवानगीही रेकॉर्ड करा, आणि मग मशीन चालू ठेवून चहा होऊ द्या. चहाच्या कपांचा आवाज आला तर येऊ दे.

दुसरी, त्यांच्या गावचं किंवा त्यांच्या खात्यातलं कोणीतरी खोलीत हवंच. तुम्ही प्रमाण भाषेत विचारलंत की उत्तर प्रमाण भाषेतच येणार, माणूस पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलतो. तोच प्रश्न शेजारच्या काकांना विचारायला लावा. 'माका', 'तुका' यायला लागलं की समजा काम झालं, आणि मग तुम्ही गप्प बसा. हुं हुं करायचं नाही, मान डोलवा. आणि कृपा करून त्यांचं वाक्य शुद्ध मराठीत परत म्हणून दाखवू नका, रेडिओवाल्यांची ही खोड आहे, त्याने माणूस परत ताठ होतो.

तिसरी, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे: गिरणी संपाचा प्रश्न पहिला विचारायचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढारी दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, यावर प्रत्येकाकडे तयार उत्तर आहे आणि ते एकदा सुरू झालं की पुढचा अर्धा तास तुमच्या हातात नसतो. 'तुमची ओळख काय, मुंबईकर की कोकणी' असलंही विचारू नका, त्यावर भाषणच येणार. त्याऐवजी वस्तू विचारा. गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांनी मिळून राहायच्या, खोलीत ट्रंक कुठे ठेवायचात? रात्रपाळी करून आल्यावर झोपायला जागा कोणाची? भोंगा कुठल्या गिरणीचा ते आवाजावरून कळायचं का? एका आजोबांना मी ट्रंकेत काय असायचं एवढंच विचारलं तर ते उठले, कपाटावरून तीच ट्रंक काढली, आणि कडी उघडतानाचा आवाज, आतले गावाहून आलेले पत्रांचे गठ्ठे, कोणाची पत्रं कोण वाचून दाखवायचं, गावाला पैसे पाठवल्यावर हातात काय उरायचं, सगळं न विचारता आलं आणि त्यातूनच पुढे संपही आला, तोही भाषणासारखा नाही तर त्या महिन्यात मनीऑर्डर गेली नाही म्हणून. खोल्या बऱ्याचदा गाववार आणि जातवारही असायच्या, तो विषय असाच मधेच निघतो. निघाला तर थांबवू नका, नाही निघाला तर उकरू नका.

दुसरा माइक घरातल्या बाईला लावा. ती आतून 'तसं नाही, तुम्ही विसरलात' म्हणते ना, तो एपिसोडचा जीव असतो. आणि तिने स्वतः खानावळ चालवली असेल तर मग तिचा वेगळाच एपिसोड करा, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी.

निघण्याआधी मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, एडिटमध्ये सांधे जोडायला लागतो. फाइलच्या दोन कॉप्या तिथेच करा.

एडिट सोपं आहे. ऑटो ट्रान्सक्रिप्शनच्या नादी लागू नका, मालवणी आली की ते काहीच्या काही लिहितं, हातानेच वेळ टाकून टिपणं काढा. श्वास आणि थांबणं कापू नका. खाली ढोलकी-बासरी घालू नका. प्रत्येक बोलीतल्या शब्दाचा अर्थ निवेदनात सांगत बसू नका, लोकांना कळतं. फायनल आवाज उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं माप, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दिसतं) आसपास ठेवा, झालं.

पब्लिश करण्याआधी एपिसोड त्यांना ऐकवायचा, आणि लिंक पाठवून नाही. ॲप उघडा, साइन इन करा, हे त्यांच्याच्याने होत नाही. स्पीकर घेऊन घरी जा नाहीतर नातवाच्या व्हॉट्सॲपवर फाइलच टाका. कुणा मुकादमाचं किंवा भावकीतल्या कोणाचं नाव काढा म्हणाले तर काढायचं, का म्हणून विचारायचं नाही.